तेलाची साक्ष : मराठवाड्यातील तुळशी आणि तिखाडी यांच्या वर्गीकरणाच्या प्रकल्प नोंदी

१२ जून

प्रकल्पाचा आवाका आज निश्चित झाला. मराठवाड्यातील सुगंधी वनस्पतींपैकी दोनच प्रजाती (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) अभ्यासासाठी घ्यायच्या ठरल्या : तुळशीची ऑसिमम आणि तिखाडी या सुगंधी गवताची सिम्बोपोगॉन, जिच्यात गवती चहाही येतो. पहिलीत फुले, पुष्पकोश आणि बी यांच्यावरून जाती ओळखता येतात, परंतु शतकानुशतकांची लागवड आणि संकर यांमुळे मधल्या अवस्थेतील रोपे वारंवार समोर येतात. दुसरीत तर फुलोरा नसेल तेव्हा जातीची खात्री देणे अवघड होते, आणि तेलाच्या व्यापारात मात्र याच गवतांची पारख कित्येक पिढ्या नाकाने केली गेली आहे. पानातील बाष्पनशील तेलाची रासायनिक घडण वर्गीकरणाला कुठे उपयोगी पडते आणि कुठे दिशाभूल करते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रश्न जुना आहे. ऑस्ट्रेलियात बेकर आणि स्मिथ यांनी १९०२ साली निलगिरीच्या जातींचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला आणि पानांतील शिरांची ठेवण व तेलाचे घटक यांत संबंध असल्याचे दाखवले. त्यानंतर १९२७ साली पेनफोल्ड आणि मॉरिसन यांनी निलगिरीच्याच एका जातीत, युकॅलिप्टस डाइव्ह्जमध्ये, डोळ्यांना सारखीच दिसणारी पण तेलात पूर्णपणे वेगळी असणारी झाडे नोंदवली. काहींत पिपेरिटोन भरपूर, काहींत सिनिओल, तर काहींत फेलँड्रिन. पहिल्या कामाने तेलावर विश्वास ठेवायला शिकवले आणि दुसऱ्याने तो विश्वास कुठे आवरायचा ते दाखवले. आमचे काम या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात पडते. जातींच्या नावांसाठी आणि प्राथमिक ओळखीसाठी व्ही. एन. नाईक यांची १९९८ साली प्रसिद्ध झालेली ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ आधार म्हणून धरली आहे.

२१ जून

नमुने गोळा करण्याचे नियम ठरले. प्रत्येक नमुन्याबरोबर फुलोरा असलेली फांदी दाबून वाळवून हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कागदावर चढवायची. जिचा असा पुरावा नाही तिचे तेल काढायचे नाही, मग वास कितीही वेगळा वाटो. पाने सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, पाऊस थांबून पाने कोरडी झाल्यावर घ्यायची. कोवळी व जून पाने एकत्र करायची नाहीत, कारण तुळशीच्या कोवळ्या पानातील तेलाचे प्रमाण आणि घटक जून पानाशी जुळत नाहीत. मंजिऱ्या वेगळ्या पिशवीत ठेवायच्या. अभयारण्याच्या हद्दीतून वनस्पती घेण्यास परवानगी लागते, म्हणून गौताळ्याच्या परिसरात हद्दीबाहेरील गायरान आणि खाजगी बांध एवढ्यावरच सध्या काम करू.

८ जुलै

पहिल्या पावसानंतर बांधावर आणि पडीक जागेत तुळशीच्या कुलातील, म्हणजे लॅमिएसीतील, रोपे वर आली आहेत. मुख्य कामाआधी या कुलाचाच एक फेरफटका घेतला, कारण सुगंधाचे रसायन वर्गीकरणाला खरोखर उपयोगी पडल्याचे उत्तम उदाहरण याच कुलात आहे. एर्टमान यांनी १९४५ साली परागकणांच्या आधारे या कुलाचे दोन मोठे गट केले. एका गटाच्या परागकणांवर तीन खाचा, तर दुसऱ्याच्या कणांवर सहा. पुढे असे दिसले की सहा खाचांचा गट बाष्पनशील तेलाने समृद्ध आहे आणि त्यात रोझमॅरिनिक आम्लही सापडते, तर तीन खाचांच्या गटात तेल जेमतेम असते आणि त्याऐवजी इरिडॉइड ग्लायकोसाइडे आढळतात. परागकण, तेल आणि आम्ल अशी एकमेकांशी संबंध नसलेली तीन लक्षणे एकाच बाजूला बोट दाखवतात, तेव्हा त्या विभागणीवर भरवसा ठेवता येतो.

आमच्याकडे दोन्ही गट एकाच बांधावर सापडतात. तुंबा आणि दीपमाळ ही तीन खाचांच्या गटातील. तुळस, सब्जा आणि रस्त्याकडेला माजलेले, अमेरिकेतून आलेले हिप्टिस हे तण सहा खाचांच्या गटातील. विद्यार्थ्यांना दहापट भिंगाखाली पानांची खालची बाजू पाहायला दिली. सब्जाच्या पानावर बारीक खळग्यांत बसलेले चकचकीत, मधाच्या रंगाचे गोल ठिपके स्पष्ट दिसतात. त्या तेलग्रंथी होत. प्रत्येकीच्या माथ्यावर चार स्रावी पेशी असतात आणि तयार झालेले तेल त्या पेशींवरील पातळ त्वचेखाली साठून राहते. टाचणीच्या टोकाने एक ठिपका हलकेच दाबला की तो बसतो आणि त्याच क्षणी वास येतो. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, म्हणजे पान पिशवीत कोंबलं तर तेल तिथंच उडून जाणार?” तसेच होते, त्यामुळे पिशव्या न दाबता कागदाच्या घड्यांत पाने आणण्याचा नियम आजपासून लागू केला. तुंब्याच्या पानावर केस पुष्कळ असले तरी असे ठिपके विरळ आहेत.

हिप्टिसचा उल्लेख मुद्दाम केला. पुष्कळ लोक त्याला जंगली तुळस म्हणतात आणि त्याच्या तेलात सिनिओल असते. सिनिओल निलगिरीत असते, वेलदोड्यातही असते. एकच रेणू तीन वेगवेगळ्या कुलांत सापडत असेल तर त्या रेणूवरून नाते सांगता येत नाही. सिट्रलचेही तेच : गवती चहा, लिंबासारख्या वासाची एखादी तुळस आणि लॉरेल कुलातील लिट्सिया यांत ते मुबलक असते. वास सारखा म्हणजे सोयरीक, असे वनस्पतींच्या बाबतीत धरता येत नाही.

२९ जुलै

क्लेव्हेंजर उपकरणावर ऊर्ध्वपातनाचे काम सुरू झाले. १९२८ साली वर्णन केलेले हे काचेचे उपकरण अजून सर्वत्र वापरात आहे, कारण पाण्याबरोबर वाफ होऊन आलेले तेल अंशांकित नळीत वर तरंगते आणि पाणी आपोआप फ्लास्कमध्ये परत जाते. ताजी पाने, पाणी आणि तीन तासांची मंद उकळी असा क्रम ठेवला आहे.

गवती चहाचे तेल अपेक्षेप्रमाणे पिवळसर कड्यासारखे वर जमले. तुळशीचे तेल मात्र नळीत एकत्र येईना; काही थेंब वर, काही मधोमध लोंबकळत, तर काही काचेला चिकटून राहिले. कारण घनतेत आहे. युजेनॉल पाण्याहून जड आहे, मिथाइल युजेनॉलही थोडे जड आहे आणि कॅरिओफायलिन हलके आहे. तिघे मिसळले की तेलाची घनता पाण्याच्या इतकी जवळ जाते की ते तरंगणार की बुडणार हे त्यांच्या प्रमाणावर ठरते. अशा तेलांसाठी नळीत मोजून थोडे झायलीन घालून तेल वर आणण्याची रीत आहे, परंतु तसे केल्यास क्रोमॅटोग्रामच्या, म्हणजे तेलाचे घटक वेगवेगळ्या शिखरांनी दाखवणाऱ्या आलेखाच्या, सुरुवातीला झायलीनचे शिखर येते. म्हणून आम्ही तेल हेक्झेनने धुऊन घेतले आणि उतारा किती पडला हा आकडा तुळशीच्या बाबतीत गौण मानायचे ठरवले.

तेल निर्जल सोडियम सल्फेटवरून वाळवून गडद रंगाच्या कुपीत, फ्रीजमध्ये ठेवले आहे.

१७ ऑगस्ट

गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर यांच्या जोडयंत्रावरचे पहिले निकाल हाती आले. यंत्र आमचे नाही. दुसऱ्या संस्थेत पाळी लावावी लागते आणि ती केव्हा येईल याचा नेम नसतो.

निकालाबरोबर संगणकाने घटकांची छापील यादी दिली आहे आणि ती तशीच्या तशी स्वीकारायची नाही, असे रसायनशास्त्र विभागातील सहकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. कारण सरळ आहे. मोनोटर्पिन गटातील बहुतेक हायड्रोकार्बनांचे रेणू यंत्रात फुटतात तेव्हा ९३ वस्तुमानाचा तुकडा जवळजवळ सर्वांतच ठळक असतो. तुकड्यांचे चित्र इतके सारखे येते की संगणक पाइनिन, सॅबिनिन आणि फेलँड्रिन यांत सहज घोटाळा करतो. त्यामुळे दुसरा पुरावा लागतो, आणि तो म्हणजे धारणांक. सरळ साखळीची अल्केने त्याच स्तंभातून, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या यंत्रातील बारीक नळीतून, त्याच तापमानक्रमाने सोडायची. दहा कार्बनाच्या अल्केनाला १०००, अकरा कार्बनाच्या अल्केनाला ११०० असे अंक द्यायचे आणि प्रत्येक घटक त्यांच्या दरम्यान कुठे बाहेर पडतो ते मोजायचे. कोव्हाट्स यांनी १९५८ साली ही कल्पना मांडली आणि तापमान चढते ठेवून चालवल्या जाणाऱ्या स्तंभांसाठी तिचे सुधारित सूत्र १९६३ साली आले. आमच्याकडच्या अध्रुवीय स्तंभावर लिनालूल ११०० च्या आसपास, मिथाइल चॅविकॉल १२०० च्या किंचित आधी, युजेनॉल १३६० जवळ आणि कॅरिओफायलिन १४२० जवळ येते. तुकड्यांचे चित्र आणि धारणांक दोन्ही जुळले तरच नाव लिहायचे, एकच जुळले तर प्रश्नचिन्ह लावायचे. युजेनॉलची खातरजमा बाजारातल्या लवंग तेलावर करता येते, कारण त्यात मुख्य भाग तोच असतो.

एक शिखर आम्हाला खटकले आहे. तुळशीच्या तेलात बीटा-एलेमिन ठळक दिसते आणि भारतीय तुळशीच्या तेलांत ते सर्वसाधारणपणे नोंदले जाते. परंतु जर्मॅक्रिन-ए हा रेणू उष्णतेने आपली बांधणी बदलून बीटा-एलेमिन होतो, हेही सर्वज्ञात आहे. यंत्राच्या तोंडाशी नमुना २५० अंशांवर वाफ होतो. तेव्हा आपण मोजत असलेल्या एलेमिनाचा काही भाग पानात नव्हताच, तो यंत्रात घडला, अशी शक्यता उरते. पुढच्या पाळीत तोच नमुना १५० अंशांवर सोडून पाहू. तोपर्यंत एलेमिन वर्गीकरणाच्या लक्षणांत धरायचे नाही.

५ सप्टेंबर

आजची नोंद लांबणार आहे, कारण प्रकल्पाची दिशा जिच्यावर ठरेल ती गोष्ट इथे आहे.

घराघरांतल्या वृंदावनांतून घेतलेल्या तुळशींत काळी, म्हणजे कृष्ण तुळस, आणि पांढरी, म्हणजे राम तुळस, असे दोन्ही प्रकार आहेत. दोन्ही ऑसिमम टेन्युइफ्लोरम या एकाच जातीच्या. तेलांची विभागणी मात्र पानाच्या रंगाप्रमाणे झालेली नाही. काही झाडांत युजेनॉल प्रमुख आहे, काहींत मिथाइल युजेनॉल, आणि दोन्ही प्रकार काळ्यातही आहेत व पांढऱ्यातही. यात नवल नाही. पानाचा जांभळा रंग अँथोसायनिनांचा असतो. ती आणि युजेनॉल हे दोघेही फेनिलअलॅनिन या एकाच अमिनो आम्लापासून निघत असले तरी वाटेत लवकरच त्यांची फारकत होते.

युजेनॉल आणि मिथाइल युजेनॉल यांच्यात किती अंतर आहे? एकाच मिथाइल गटाचे. ऑक्सिजनावर तो गट बसवणारे विकर (एन्झाइम) ग्रंथीत असले की युजेनॉलचे रूपांतर होते, नसले की होत नाही. सब्जाच्या ग्रंथींवर झालेल्या २००२ च्या संशोधनात असे दिसले की युजेनॉलला मिथाइल गट जोडणारे विकर आणि चॅविकॉलला तो जोडणारे विकर यांची रचना नव्वद टक्क्यांहून अधिक सारखी आहे, आणि कोणत्या रेणूला पसंती द्यायची हे त्यांच्या साखळीतील एका अमिनो आम्लाच्या फरकाने बदलते. म्हणजे तेलातील ज्या घटकाचे शिखर सर्वांत उंच, तो घटक अत्यंत लहानशा आनुवंशिक बदलाने उलटू शकतो.

याचा अर्थ आमच्या कामापुरता असा घेतला आहे. मुख्य घटकाच्या नावाने जातींचे गट करणे, जसे युजेनॉल गट किंवा लिनालूल गट, व्यापाराला सोयीचे आहे; सुगंधी तेल विकत घेणाऱ्याला तेवढेच हवे असते. पण नात्याचा पुरावा म्हणून मुख्य घटक कमकुवत आहे. साक्षीदार मोठ्याने बोलतो म्हणून खरा ठरत नाही. त्याऐवजी तेलाकडे जैवसंश्लेषणाच्या वाटांप्रमाणे पाहावे लागेल : युजेनॉल आणि चॅविकॉल यांचा फेनिलप्रोपॅनॉइड मार्ग, हरितलवकांत चालणारा मोनोटर्पिनांचा मार्ग, आणि पेशीद्रव्यात चालणारा सेस्क्विटर्पिनांचा मार्ग. कोणत्या वाटेवर झाड किती कार्बन पाठवते आणि त्या वाटेवर रेणूचा सांगाडा कोणता तयार होतो, ही लक्षणे एका मिथाइल गटापेक्षा खोलवरची आहेत. यापुढे प्रत्येक घटकापुढे त्याची वाट आणि सांगाडा या दोन रकान्यांची भर घातली जाईल.

याच संदर्भात बियांची एक साधी चाचणी केली. काचेच्या थाळीत पाणी घालून तुळस, सब्जा आणि रामतुळस (वरची पांढरी राम तुळस नव्हे, तर ऑसिमम ग्रॅटिसिमम ही वेगळी जात) यांच्या बिया सोडल्या. सब्जाच्या काळ्या बियांभोवती काही मिनिटांतच पारदर्शक निळसर आवरण फुगले. फालुद्यातला सब्जा तो हाच. तुळस आणि रामतुळस यांच्या तपकिरी बिया फारशा फुगल्या नाहीत. ऑसिममच्या जातींचे दोन गट करताना हे लक्षण वापरले जाते, आणि फुगणाऱ्या बियांच्या गटात गुणसूत्रांची मूळ संख्या १२, तर दुसऱ्यात ८ मानली जाते. युजेनॉल मात्र दोन्ही गटांत सापडते. पाच रुपयांच्या सब्जाच्या पुडीने जो निवाडा होतो तो महागड्या यंत्रातून निघालेल्या सर्वांत उंच शिखराने होत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घेतली. मीही इथे लिहून ठेवतो.

२० सप्टेंबर

१५० अंशांवर सोडलेल्या तुळशीच्या नमुन्यात बीटा-एलेमिनचे शिखर खाली आले आणि त्याच्यानंतर येणाऱ्या पट्ट्यात एक पसरट उंचवटा वाढला. जर्मॅक्रिन-ए स्तंभात हळूहळू बदलत पुढे सरकत असल्यास असेच व्हायला हवे. एलेमिन आणि हा उंचवटा यांची बेरीज करून तिला एकच लक्षण मानायचे ठरले.

१४ ऑक्टोबर

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या उतारावर तिखाडी निसवली आहे. रोशा, रोहिश अशीही तिची नावे चालतात. तेलाच्या व्यापारात ती पामारोझा. माळावर गुरे राखणाऱ्या मामांनी काहीही न विचारता सांगितले, “कोवळी असती तवर गुरं खात्यात, निसवली की त्वांड फिरवत्यात.” तेल काढणारेही फुलोऱ्याच्या सुमारासच कापणी करतात, म्हणून आमच्यासाठीही हीच वेळ योग्य.

हे गवत ओळखण्याचे पहिले ठिकाण पानाच्या बुडाशी आहे. गवती चहाचे पान बुडाशी निमुळते होत जाते. तिखाडीचे पान बुडाशी रुंद व हृदयाकृती असून देठाला कवटाळून बसते. दुसरे लक्षण पाहायला भिंग लागते : बिनदेठाच्या कणिशकाचे खालचे तूस पाठीवर, मध्याच्या खाली, खोल खाचेने दुमडलेले असते. ही दोन लक्षणे जमली की सिम्बोपोगॉन मार्टिनीबद्दल शंका उरत नाही. स्टाफ यांनी १९०६ साली भारत आणि श्रीलंकेतील तेलगवतांचा आढावा घेताना या प्रजातीच्या जाती ज्या तीन मालिकांत, म्हणजे प्रजातीच्या आतल्या गटांत, वाटल्या, त्यांत तिखाडी आणि गवती चहा वेगवेगळ्या मालिकांत पडतात.

मार्टिनी हे जातीचे नाव ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी क्लॉड मार्टिन यांच्यावरून आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धाच्या काळात त्यांनी बालाघाटातून या गवताचे बी नेले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी त्यावरून जातीचे वर्णन केले. आमचे विद्यार्थी हे ऐकून खूष झाले, पण तो बालाघाट म्हणजे दक्षिणेतील घाटमाथ्याचा मुलूख. बीडच्या डोंगररांगेला ते श्रेय देता येणार नाही.

तुळशीच्या ग्रंथी पानाच्या पृष्ठभागावर असतात, या गवतांत मात्र तेल पानाच्या आतील विशेष पेशींत असते. त्यामुळे नुसते बोट फिरवून वास येत नाही, पान चुरगाळावे लागते. नमुना आणताना तेल उडून जाण्याची भीतीही इथे कमी आहे. सावलीत सुकवलेले गवत चालते.

२ नोव्हेंबर

तिखाडीचे दोन प्रकार सांगितले जातात, मोतिया आणि सोफिया. मोतिया कोरड्या, पाणी न साचणाऱ्या उतारावर, विखुरलेल्या ठोंबांनी वाढते. सोफिया ओलसर, सखल जागी दाट माजते. फुलोरा आणि पानांचा तपशील पाहता दोन्ही एकच जात. तेलात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑलच ७५ ते ९० टक्क्यांपर्यंत असते आणि त्याचा वास गुलाबासारखा. मुंबई बंदरातून गेलेले हे तेल एके काळी तुर्कस्तानात गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. सोफियाच्या तेलाला जिंजरग्रास म्हणतात. त्यात जिरॅनिऑल बरेच कमी असते आणि लिमोनिन, पेरिलिल अल्कोहोल व पॅरा-मेंथाडायइनॉल गटातील अल्कोहोले भरतात.

आमच्याकडे बालाघाटच्या कोरड्या माळावरचे नमुने आणि किनवटच्या जंगलाकडील ओढ्याकाठचे नमुने शेजारी ठेवून चुरगाळले, तेव्हा फरक यंत्राशिवायही कळला. एक गोड, गुलाबाकडे झुकणारा. दुसरा उग्र, टर्पेंटाइनची आठवण देणारा. यंत्राचा निकाल नाकाशी जुळला. परंतु नाकाने नोंद लिहायला परवानगी फक्त पहिल्या चाळणीपुरती आहे, कारण एकामागून एक पाच-सहा नमुने हुंगल्यावर कुणाचेही नाक थकते.

जागेमुळे तेल बदलते की तेलाचा प्रकारच जागा निवडतो? आत्ताच्या नमुन्यांवरून याचे उत्तर देता येत नाही, कारण कोरडी जागा आणि मोतिया, ओली जागा आणि सोफिया ही सांगड आमच्या नमुन्यांत कुठेच सुटलेली नाही. गुणसूत्रांच्या बाबतीत मोतियात २० आणि सोफियात ४० अशा नोंदी आहेत. तसे असेल तर फरक नुसता जागेचा नव्हे. मुळांच्या टोकांवरून आपल्याकडच्या ठोंबांची मोजणी करणे हा त्यामुळे पुढचा अनिवार्य टप्पा ठरतो.

२३ नोव्हेंबर

गवती चहाच्या नमुन्यांवर आज बराच वाद झाला. परसदारांतून मिळवलेल्या सर्व ठोंबांचे तेल विलक्षण सारखे आले; सिट्रल सर्वत्र प्रमुख. एका विद्यार्थ्याचे म्हणणे असे की जात रासायनिकदृष्ट्या स्थिर असल्याचा हा भक्कम पुरावा आहे. मला ते पटत नाही. गवती चहाला फुलोरा क्वचितच येतो आणि तो ठोंब फोडूनच वाढवला जातो. शेजारणीकडून एक ठोंब आणायचा, वर्षभराने दुसरीला द्यायचा. म्हणजे लातूरचा आणि परभणीचा नमुना हे दोन स्वतंत्र जीव असतीलच असे नाही. ते एकाच रोपाचे दूरवर पोचलेले तुकडे असू शकतात. एकाच व्यक्तीची उंची पुन्हा पुन्हा मोजून तिच्या गावाची सरासरी काढता येत नाही. संख्याशास्त्रीय तुलनेत हे सर्व नमुने मिळून एकच नोंद धरायची, असे शेवटी ठरले आणि त्या विद्यार्थ्यानेही ते मान्य केले.

आता सप्टेंबरच्या नोंदीतील मुद्दा गवतांना लावून पाहू. सिट्रल म्हणजे जिरॅनिअल आणि निरल या दोन समघटकांचे मिश्रण. जिरॅनिऑलचे ऑक्सिडीकरण झाले की जिरॅनिअल मिळते. तेव्हा गवती चहाचे सिट्रल आणि मोतियाचे जिरॅनिऑल यांत एका पायरीचे अंतर आहे, आणि दोन्हींचा सांगाडा तोच, उघड्या साखळीचा. सोफियाची अल्कोहोले मात्र लिमोनिनच्या वलयी सांगाड्याची आहेत. तिथे सुरुवातीलाच वेगळे विकर कामाला लागते आणि साखळी मिटून वलय होते. रसायनाने अंतर मोजायचे तर मोतियाला गवती चहा जवळचा आणि सोफिया लांबची. बाह्यलक्षणांनी मोजायचे तर मोतिया आणि सोफिया एकाच जातीच्या, आणि गवती चहा वेगळ्या मालिकेतला. दोन्ही मोजमापे एकमेकांविरुद्ध उभी आहेत.

मग सांगाडा हे खोलवरचे लक्षण, असे मी सप्टेंबरमध्ये लिहिले होते त्याचे काय? ते इथे तेवढ्यापुरते टिकते : मिथाइल गटापेक्षा आणि ऑक्सिडीकरणापेक्षा सांगाडा खोलवर आहेच, पण जातीच्या सीमेइतका खोल असेलच असे नाही. दक्षिण फ्रान्समधील थाइमचे उदाहरण इथे उपयोगी आहे. एकाच जातीत थायमॉल, कार्व्हॅक्रॉल, लिनालूल, जिरॅनिऑल, अल्फा-टर्पिनिऑल आणि थुजानॉल असे सहा रसायनप्रकार आहेत. त्यांत उघड्या साखळीचेही रेणू आहेत आणि वलयीही. तिथे कुणी सहा जाती केल्या नाहीत आणि करूही नयेत.

माझे मत असे बनत चालले आहे की तेलाचा खरा उपयोग जातीच्या आतल्या पातळीवर आणि कुल-उपकुलाच्या वरच्या पातळीवर आहे. नेमका जातीच्या पातळीवर तो सर्वांत निसरडा ठरतो. सहकाऱ्यांना हे विधान जरा धाडसी वाटते.

१५ डिसेंबर

आकडेवारीचे काम. घटकांची टक्केवारी थेट मुख्य घटक विश्लेषणात (प्रिन्सिपल कॉम्पोनंट अॅनालिसिस या संख्याशास्त्रीय रीतीत; इथे ‘मुख्य घटक’ म्हणजे तेलातला घटक नव्हे) घातली तर एक जुनाच सापळा आडवा येतो. सर्व घटकांची बेरीज शंभरच असल्याने युजेनॉल वाढले की बाकी सगळे घटक कमी झाल्यासारखे दिसतात, प्रत्यक्षात झाडाने त्यांची निर्मिती कमी केलेली नसली तरी. त्यातून जे ऋण संबंध निघतात ते वनस्पतीचे नव्हेत, भागाकाराचे असतात. एचिसन यांनी १९८२ साली मांडलेली गुणोत्तरांच्या लॉगरिदमची रीत आम्ही घेतली. अडचण शून्यांची, जिथे घटक सापडलाच नाही तिथे लॉगरिदम घेता येत नाही. अशा ठिकाणी यंत्राच्या शोधमर्यादेच्या निम्मा आकडा घालून आणि मग तो बदलून गट हलतात का, हे तपासत आहोत.

गुणोत्तरे घेतल्यावर तुळशींच्या आकृतीत एक गोष्ट बदलली. टक्केवारीवर काढलेल्या आकृतीत युजेनॉलवाल्या आणि मिथाइल युजेनॉलवाल्या तुळशी दोन टोकांना होत्या आणि मधे रामतुळस घुसली होती. नव्या आकृतीत, विशेषतः युजेनॉल आणि मिथाइल युजेनॉल यांची बेरीज एक लक्षण धरल्यावर, सर्व तुळशी एकत्र आल्या आणि रामतुळस बाजूला गेली. त्यांना एकत्र बांधणारे घटक कॅरिओफायलिन आणि एलेमिनाची वर सांगितलेली जोडबेरीज हे आहेत; म्हणजे सेस्क्विटर्पिनांची, तेलात कमी मोलाची समजली जाणारी मंडळी.

८ जानेवारी

ओळखतालिकेचा कच्चा मसुदा केला. प्रत्येक फाट्यावर पहिले लक्षण डोळ्यांनी दिसणारे, दुसरे भिंगाचे आणि तिसरे तेलाचे, असा क्रम आहे. ऑसिममसाठी पहिल्या फाट्यावर बी पाण्यात फुगते की नाही. सिम्बोपोगॉनसाठी पानाचे बूड. तेलाचे लक्षण एकट्याने निर्णायक ठरेल असा फाटा मसुद्यात फक्त एकच आहे, मोतिया आणि सोफिया यांचा, आणि तोही जातीच्या आतला. वासाचे वर्णन करणारे शब्द तालिकेतून काढले. ‘गोड’ आणि ‘उग्र’ यांची मोजपट्टी नसते.

एका सहकाऱ्याची सूचना होती की मिथाइल युजेनॉलवाल्या तुळशीला वेगळा दर्जा देऊन नाव द्यावे. मी तिला विरोध केला. केमोटाइप, म्हणजे रसायनप्रकार, एवढी नोंद हर्बेरियमच्या चिठ्ठीवर पुरेशी आहे; लॅटिन नावांची संख्या आधीच गरजेपेक्षा जास्त आहे.

२ फेब्रुवारी

पुढच्या हंगामाची आखणी. बालाघाटच्या आणि किनवटच्या तिखाडीचे ठोंब महाविद्यालयाच्या बागेत आणून ठेवले आहेत. मृग लागला की ते दोन वाफ्यांत लावायचे. एका वाफ्याला पाण्याचा निचरा होईल असा उतार द्यायचा, दुसऱ्यात पाणी थांबेल असा बांध घालायचा, आणि दोन्ही वाफ्यांत दोन्ही ठिकाणचे ठोंब आलटून-पालटून लावायचे. ओल्या वाफ्यातही बालाघाटच्या ठोंबाने जिरॅनिऑलच दिले तर फरक आनुवंशिक. त्याचे तेल सोफियाकडे सरकले तर जागेचा भाग मान्य करावा लागेल. ठोंबांवर अॅल्युमिनियमचे बिल्ले बांधले आहेत, कारण कागदी चिठ्ठ्या पावसाळ्यात टिकत नाहीत. मुळांची टोके गुणसूत्रांच्या मोजणीसाठी लावणीनंतर नवीन मुळे फुटताच, सकाळच्या वेळी, घ्यायची. त्यासाठी लागणारे ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन हे रसायन मागवले आहे. पहिली कापणी दोन्ही वाफे निसवल्यावर, एकाच दिवशी.